काना गेला, मात्रा राहिली

माझ्या फोनच्या नोट्समध्ये किराण्याची यादी, वीजमीटरचं रीडिंग आणि वायफायचा पासवर्ड यांच्या खाली एक विचित्र यादी आहे. ने, से, गे, हे, टे, वे, मे, के, डे. त्याखाली ब्रे, फ्रे, ब्ले, स्ले, स्पे, ट्वे. आणि सगळ्यात शेवटी एकटाच स्ट्रे. एकदा एका मैत्रिणीनं चुकून ती उघडली आणि विचारलं, ‘‘हे काय गं, कुठल्या बाळाची बडबड लिहून ठेवलीयेस?’’

बाळाची नाही. हे सगळे शब्द इंग्रजी स्क्रॅबलमध्ये चालतात. रोमन लिपीत लिहिले तर प्रत्येकाच्या शेवटी ए आणि ई ही दोन अक्षरं जोडीनं येतात. सगळे स्कॉट्स भाषेतले आहेत. मी ते देवनागरीत लिहिले, कारण तसे पाठ करायला सोपे गेले. प्रत्येकाच्या डोक्यावर एक मात्रा, की झालं.

ही यादी मी जिंकण्यासाठी केली होती. तिच्यामुळे माझ्या आजीची भाषा आठवेल आणि आईशी भांडण होता होता राहील, असं तेव्हा कुणी सांगितलं असतं तर मी हसले असते.

*

मी एडिनबरात राहते, लीथ भागात. जुनी दगडी इमारत, सगळ्या घरांना मिळून एकच गोल जिना. मी दुसऱ्या मजल्यावर, आणि माझ्या वर तिसऱ्यावर माझी शेजारीण. वय 81. लिफ्ट नाही.

इथे डिसेंबरात दुपारी पावणेचारच्या आसपास सूर्य मावळतो. हे मी येण्याआधी गुगल केलं होतं. पण ऑफिसच्या खिडकीबाहेर चार वाजता मिट्ट काळोख पाहिला, तेव्हा पोटात गोळा आला. त्याच आठवड्यात जिन्यात शेजारीणबाई भेटल्या. म्हणाल्या, ‘‘माझे मेसेजेस जरा वर नेऊन देशील का?’’ मी गोंधळून खिशातून फोन काढला. त्यांनी हसत पायाशी ठेवलेल्या दोन पिशव्या दाखवल्या. बटाटे, दूध, पाव. इथे बाजारातून आणलेल्या सामानाला मेसेजेस म्हणतात.

पिशव्या वर नेल्या, चहा झाला, आणि चहाच्या ट्रेशेजारी स्क्रॅबलचा खोका होता. मी शाळेपासून खेळत आले होते. फोनवरही खेळायचे, रोज, लोकलमध्ये, मीटिंगमध्ये, लग्नाच्या पंगतीत ताटाची वाट बघताना. म्हटलं, आजीबाईंना सांभाळून घेऊ.

चौथ्याच खेपेला त्यांनी एन, ए, ई अशा तीन टाइल्स लावल्या. ‘‘ने.’’

मी म्हटलं, असा शब्द नाही. नकारार्थी जुना ‘नेय’ आहे, पण त्याच्या शेवटी वाय येतो. त्या काही बोलल्या नाहीत. उठल्या, कपाटातून चेंबर्सची जाडजूड डिक्शनरी काढली, पान उघडून माझ्यासमोर ठेवलं. शब्द होता. पुढे बारीक अक्षरात लिहिलं होतं, स्कॉट्स. घरच्या नियमाप्रमाणे माझी एक खेप गेली. त्या शब्दाचे गुण किती? तीन. तीन गुणांच्या शब्दानं माझा अपमान झाला होता.

त्या रात्री मी नोट्समध्ये पहिली ओळ लिहिली.

*

ज्यांनी स्क्रॅबल कधी खेळलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. इंग्रजी संचात 100 टाइल्स असतात. दोन कोऱ्या, बाकी अक्षरांच्या. हातात एका वेळी सात. त्या 100 मध्ये 42 स्वर असतात. एकट्या ईच्या 12 टाइल्स आणि एच्या 9. त्यामुळे खेळात हमखास अशी वेळ येते की हातात नुसते स्वर साचतात, आणि त्यांचं करायचं काय कळत नाही. अशा वेळी दोन स्वर एका झटक्यात उतरवून देणारे छोटे शब्द म्हणजे सोनं. ए-ईवाले शब्द नेमके तसे.

त्यातही गंमत अशी, की ए आणि ई ही नुसती जोडीसुद्धा शब्द म्हणून चालते. स्कॉट्समध्ये तिचा अर्थ ‘एक’. रॉबर्ट बर्न्सच्या एका प्रसिद्ध विरहगीताची सुरुवातच या दोन अक्षरी शब्दानं होते. म्हणजे बोर्डावर कुणी आधी ‘एक’ लावून ठेवला असेल तर तुम्ही त्याच्या पुढ्यात एक अक्षर चिकटवून नवा शब्द करू शकता. एच लावला की हे. के लावला की के. डब्ल्यू लावला की वे. खेळाडू याला हुक म्हणतात. आपल्याकडे गळाला मासा लावतात, तसं अक्षर लावायचं.

इंग्रजीतही ए-ईनं संपणारे शब्द आहेत, पण ते पाहुणे आहेत. लार्वी, अल्जी, फॉर्म्युली ही लॅटिन अनेकवचनं. रेगे जमैकाहून आलेला. संडे, म्हणजे आइसक्रीमचा, अमेरिकेतला. डोळ्यांना सगळ्यांचा शेवट सारखा दिसतो, कानाला नाही. स्कॉट्स शब्द मात्र घरचे आहेत. एक दिसणं, एक वाजणं.

पण मुळात या खेळात स्कॉट्स शब्द एवढे घुसले कसे? खेळ तर अमेरिकेत जन्मला. 1930च्या दशकातल्या मंदीत नोकरी गेलेल्या आल्फ्रेड बट्स या न्यूयॉर्कच्या आर्किटेक्टनं तो रचला, आणि 1948 मध्ये जेम्स ब्रूनो यांनी त्याला स्क्रॅबल हे नाव दिलं. पण ब्रिटनमधल्या स्पर्धांत ‘हा शब्द आहे की नाही’ या भांडणाचा निवाडा करायला जी डिक्शनरी निवडली गेली, ती चेंबर्स. आणि चेंबर्स ही एडिनबराची प्रकाशनसंस्था. तिच्या डिक्शनरीत स्कॉट्स शब्द मुबलक होते, कारण ते करणाऱ्यांच्या आसपासचे लोक तेच बोलत होते. 1988 मध्ये ब्रिटिश खेळाडूंसाठी अधिकृत शब्दांची यादी निघाली ती याच डिक्शनरीवरून. पुढे ते काम कॉलिन्सकडे गेलं. कॉलिन्सची सुरुवात 1819 मध्ये कुठे झाली होती? ग्लासगोत.

म्हणजे आज सिंगापूरचा किंवा लागोसचा खेळाडू हातातले स्वर संपवायला ‘ने’ लावतो, तेव्हा तो नकळत लीथच्या जिन्यातला एक शब्द उच्चारत असतो. उच्चारत नसतो, खरं तर. नुसता लावत असतो.

*

इथेच माझी आणि शेजारीणबाईंची ठिणगी उडाली.

दोन महिन्यांत मी यादी पूर्ण पाठ केली होती. अर्थ एकाचाही नाही. अर्थाची गरजच काय? न्यूझीलंडचा नायजेल रिचर्ड्स 2015 मध्ये फ्रेंच भाषेतल्या स्क्रॅबलचा विश्वविजेता झाला, तेव्हा त्याला फ्रेंच बोलता येत नव्हतं. शब्द पाठ केले होते, बस. 2024 मध्ये त्यानं स्पॅनिशमध्येही तेच केलं. मी त्याची भक्त होते. शब्द म्हणजे अक्षरांचा वैध क्रम, बाकी भावनिक पसारा.

एका रविवारी मी ‘स्पे’ लावला. सहा गुण, वर दुप्पट शब्दाचं घर. बारा. त्यांनी विचारलं, ‘‘म्हणजे काय?’’

मी म्हटलं, ‘‘माहीत नाही. पण आहे.’’

त्यांनी टाइल्सवर हात ठेवला. ‘‘आहे ते मलाही ठाऊक आहे, हेन. माझी आत्या स्पे करायची. चहाच्या कपातली पानं बघून भविष्य सांगायची. आता तू वाक्य कर.’’

हेन म्हणजे कोंबडी. इथे लाडानं बायकांना म्हणतात.

त्या दिवसापासून त्यांच्या घरात नवा नियम लागू झाला. शब्द लावायचा तर वाक्यात वापरून दाखवायचा, नाहीतर टाइल्स परत. मला हा अन्याय वाटला. पण चहाबरोबर शॉर्टब्रेड त्यांचं होतं, आणि रविवारी मला दुसरं जायला कुठे होतं?

मग मी अर्थ बघायला लागले. इंटरनेटवर स्कॉट्स भाषेचा मोठा कोश फुकट आहे. त्यात दोन अवाढव्य कोश एकत्र केले आहेत. एक दहा खंडांचा, 1931 ते 1976 या काळात निघालेला, आणि एक जुन्या स्कॉट्सचा, तो 2002 मध्ये पूर्ण झाला. माणसांनी अख्खी आयुष्यं घातली त्यात. मी मात्र बसमध्ये, लीथ वॉकच्या ट्रॅफिकमध्ये, अंगठ्यानं चाळत होते.

ब्रे म्हणजे चढण. एडिनबराच्या दक्षिणेला लिबर्टन ब्रे नावाचा रस्ता आहे, मी तिथून शंभरदा गेले होते आणि ब्रे हे कुणाचं तरी आडनाव समजत होते. मूळ शब्द व्हायकिंग लोकांच्या जुन्या नॉर्समधला, तिथे त्याचा अर्थ पापणी. डोंगराची पापणी! ब्ले म्हणजे काळपट निळा. इथल्या डोंगरांवर उन्हाळ्यात ब्लेबेरी पिकतात, खाल्ल्या की जीभ करवंदं खाल्ल्यासारखी होते. के म्हणजे कावळ्याचा एक छोटा भाऊबंद, करड्या मानेचा, माझ्या धुराड्यावर बसणारा. त्यानं स्वतःच स्वतःचं नाव सांगितलं असणार. स्ट्रे म्हणजे गवताची काडी, पेंढा. वे म्हणजे दुःख. गे म्हणजे जा. हे म्हणजे असणं, जवळ असणं. मे म्हणजे आणखी.

वाक्य केल्यावर शब्द विसरता येत नाहीत, हा त्या नियमाचा तोटा.

*

शोध लागला तोही बसमध्येच. मी यादीतल्या शब्दांपुढे त्यांचे इंग्रजी अर्थ देवनागरीतच लिहीत होते.

ने – नो.
से – सो.
गे – गो.
टे – टो, पायाचं बोट.
वे – वो, दुःख.
स्ले – स्लो, रानातलं आंबट काळं फळ.
फ्रे – फ्रो.

मी स्क्रीनकडे बघत राहिले. रोमन लिपीत हे इतकं स्वच्छ दिसत नाही, कारण तिथे कधी ओ, कधी ओ-ई. देवनागरीत लख्ख दिसतं. ‘नो’मधला काना पुसा, ‘ने’ होतो. ‘गो’मधला काना पुसा, ‘गे’. इंग्रजीला काना आणि मात्रा दोन्ही, स्कॉट्सला नुसती मात्रा. शब्दाच्या पोटातही तेच. होम – हेम. स्टोन – स्टेन. बोन – बेन.

मला वाटलं, म्हणजे स्कॉट्स ही काना गळालेली इंग्रजी. उच्चार आळशी झाले, झिजले, बिघडले. शेजारीणबाईंना मी हे मोठ्या उत्साहात सांगितलं. त्यांनी भुवया वर केल्या आणि म्हणाल्या, ‘‘शाळेतही हेच सांगायचे.’’

घरी येऊन वाचलं तर प्रकरण उलटं निघालं. जुन्या इंग्रजीत या शब्दांत ना ओ होता, ना ए. दीर्घ आ होता. ‘नाही’ला ना, ‘पायाच्या बोटा’ला टा, ‘दुःखा’ला वा, ‘घरा’ला हाम, ‘दगडा’ला स्टान. साधारण बाराव्या-तेराव्या शतकात इंग्लंडच्या दक्षिण भागातल्या लोकांची तोंडं गोल व्हायला लागली आणि त्या आचा ओ झाला. उत्तरेत तो झालाच नाही. तिकडे तोच आ जिभेवर पुढे पुढे सरकत गेला आणि ए झाला. एकाच घरातून निघालेल्या दोन बहिणी, एक या गावात दिली, दुसरी त्या गावात. पुढे लंडन दक्षिणेत असल्यामुळे ओवालीचं घर मोठं झालं आणि एवालीला लोक अडाणी म्हणायला लागले. एवढंच.

अगदी सगळे शब्द या नियमात बसत नाहीत. डे म्हणजे ‘कर’, त्याचा प्रवास वेगळ्या स्वरातून झाला. ‘हे’मध्ये व गळाला आहे. ‘ब्रे’ आणि ‘ब्ले’ नॉर्सकडून आले. पण मुद्दा कळला. गळालेलं काही नव्हतं.

मी पुढच्या रविवारी जाऊन माफी मागितली. त्यांनी चहा ओतला आणि पट्ट्याची गोष्ट सांगितली.

स्कॉटलंडच्या शाळांमध्ये शिक्षा करायला चामड्याचा पट्टा असे. टॉझ म्हणतात त्याला. टोकाला चिरून त्याच्या दोन-तीन जिभा केलेल्या. फाइफमधल्या लॉखगेली गावचे पट्टे विशेष प्रसिद्ध होते. सरकारी शाळांतून ते 1987 मध्ये बंद झाले, म्हणजे फार जुनी गोष्ट नाही. शेजारीणबाई सात वर्षांच्या असताना वर्गात त्यांना काहीतरी विचारलं. त्या म्हणाल्या, ‘‘डिने केन.’’ म्हणजे माहीत नाही. हात पुढे करायला सांगितलं गेलं.

‘‘माहीत नव्हतं म्हणून नाही मारलं,’’ त्या म्हणाल्या. ‘‘माहीत नाही हे कुठल्या शब्दांत म्हणाले, त्यासाठी मारलं.’’

मग बोर्डाकडे बोट दाखवून म्हणाल्या, ‘‘आणि आता त्याच ‘ने’ला हे लोक तीन गुण देतात.’’

त्या हसत होत्या. मलाही हसू येत होतं, पण घशात काहीतरी अडकलं. डिनेमधला ने, कॅनेमधला ने, डिडनेमधला ने. नकार शब्दाच्या शेपटाला बांधलेला. आपण नाही का म्हणत, कळेना, जमेना, येईना.

*

आता माझी गोष्ट.

सहा वर्षांची होईपर्यंत मी कुडाळजवळच्या एका गावात आजीकडे होते. आईची आई. आई-बाबा पुण्यात भाड्याच्या एका खोलीत संसार लावत होते. पहिलीला मला पुण्यात आणलं. शाळा सुरू होऊन आठवडाही झाला नसेल. वर्गाबाहेर आंब्याचं झाड होतं, त्याचं एक फळ धपकन खाली आलं. मी उभी राहून ओरडले, ‘‘आंबो पडलो!’’

वर्ग फुटला. मॅडमही हसल्या. मग म्हणाल्या, ‘‘आंबा पडला म्हणायचं. आणि तू मुलगी ना? पडलो काय?’’ प्रमाण मराठीत पडलो म्हणजे मी पडलो, तेही मुलगा असेन तर. पुढे दोन वर्षं मधल्या सुट्टीत मुलं मला बघून जमिनीवर लोळण घ्यायची. ‘‘आंबो पडलो, आंबो पडलो.’’

पट्टा वगैरे काही नव्हता. गरजच पडली नाही. त्या दिवशी घरी येऊन मी रडले, आणि आईनं त्याच संध्याकाळी ठरवलं की आपल्या घरात यापुढे ‘नीट’ बोलायचं. ती स्वतः कारकुनीच्या नोकरीत असले टोमणे रोज झेलत होती. तिनं भाषा बदलली ती अशी, की फोनवर आजीशीसुद्धा ती पुणेरी बोलायला लागली. मालवणी आमच्या घरात उरली ती फक्त ‘वस्त्रहरण’च्या सीडीत. मच्छिंद्र कांबळी बोलायचे आणि आम्ही तिघं पोट धरून हसायचो. हसायला चालत होती ती भाषा.

आजी मात्र शेवटपर्यंत तशीच बोलली. दर रविवारी फोन. ‘‘खय आसस गो?’’ कुठे आहेस, एवढाच प्रश्न. मी म्हणायचे, ‘‘घरी आहे, आजी.’’ ती मालवणीत बोलायची, मी प्रमाण मराठीत उत्तर द्यायचे. सगळं कळायचं मला. एक शब्द अडायचा नाही. मी स्कॉटलंडला येण्याआधी वर्षभर ती गेली.

शेजारीणबाईंनी हे सगळं ऐकून घेतलं. मग अगदी सहज म्हणाल्या, ‘‘आजीच्या भाषेत एक वाक्य म्हण की.’’

मी तोंड उघडलं. आणि मला येईना.

शब्द समोर होते. खय, हय, माका, तुका, झील, चेडू. पण वाक्य बांधायला गेले की क्रियापद पुणेरी यायचं, किंवा ‘वस्त्रहरण’मधलं एखादं पात्र घशातून बोलायला लागायचं, म्हणजे नक्कल व्हायची. वाक्य येत नसेल तर टाइल्स परत घ्यायच्या, हा नियम. त्या काही म्हणाल्या नाहीत. मीच बोर्डावरचा माझा शब्द उचलून घेतला. कुठला होता तेही आठवत नाही.

*

त्या रात्री झोप लागली नाही म्हणून मी पुन्हा वाचत बसले, या वेळी आपल्याकडचं. घोडा आणि घोडो. आंबा आणि आंबो. रस्ता, रस्तो. गेला, गेलो. आला, इलो. इथे उलटा प्रकार. प्रमाण मराठीत शेवटी नुसता काना, मालवणीत त्या कान्यावर मात्रा चढलेली. गोव्याच्या कोकणीतही तीच. गुजरातीत, राजस्थानीतही ओ.

आणि हा ओ कुठून आला? संस्कृतात घोटकः. प्राकृतात त्याचा घोडओ झाला. त्यातून काही भाषांनी घोडो घेतला, काहींनी घोडा. ज्या प्राकृतावर मराठी माणूस आपली वंशावळ सांगतो, त्या महाराष्ट्री प्राकृतात पुल्लिंगी नामाचा कर्ता ओकारान्तच असे. पुत्र म्हणजे पुत्तो, देव म्हणजे देवो. म्हणजे पुण्यातल्या त्या वर्गात सातवाहनांच्या काळातल्या शेवटाच्या सगळ्यात जवळचं जर कुणी बोललं असेल, तर ती मी. आणि लोळण घेत होते ते बाकीचे.

कुणी मालवणीला मराठीची बोली म्हणतं, कुणी कोकणीची. भाषा की बोली हा वाद इथेही आहे. 2011च्या जनगणनेत स्कॉटलंडमध्ये पहिल्यांदा विचारलं गेलं की तुम्हाला स्कॉट्स येते का. गंमत म्हणजे पुष्कळांना आपण बोलतो ते स्कॉट्स आहे की ‘वाईट इंग्रजी’ हेच ठरवता येत नव्हतं. म्हणून एक वेबसाइट काढली. तिथे वेगवेगळ्या भागांतली माणसं बोलताना ऐकायची आणि स्वतःच ठरवायचं. शेवटी 15 लाखांहून जास्त लोकांनी ‘येते’ असं नोंदवलं. 2025 मध्ये स्कॉटलंडच्या संसदेनं कायदा करून गेलिकबरोबर स्कॉट्सलाही अधिकृत दर्जा दिला. शेजारीणबाईंना मी ती बातमी फोनवर दाखवली. त्यांनी चष्मा लावून नीट वाचली आणि म्हणाल्या, ‘‘उशीर केला. पण चहा घेऊ.’’

*

आईला फोन केला तो दुसऱ्या दिवशी. व्हिडिओ कॉल. तिकडे रात्रीचे साडेनऊ, ती भाजी निवडत होती. मी म्हटलं, ‘‘आई, माझ्याशी मालवणीत बोल.’’

‘‘कशाला आता?’’

मी जरा जोरातच म्हटलं की तू माझी भाषा काढून घेतलीस. प्राकृतबिकृत सगळं सुनावलं. घोडओ सुद्धा सांगितलं. ती मेथीची पानं खुडत राहिली. मग म्हणाली, ‘‘तू त्या दिवशी दप्तर सुद्धा न काढता रडत बसली होतीस. मला प्राकृत नव्हतं माहीत. मला एवढंच माहीत होतं की उद्या तुला परत त्याच वर्गात जायचंय.’’

मी गप्प बसले. यावर उत्तर नाही. शेजारीणबाईंनी आपल्या मुलांशी काय भाषा ठेवली होती, हेही मी विचारलेलं होतं. इंग्रजी. हात पुढे करावा लागू नये म्हणून.

मग विषय बदलायला मी तिला माझी यादी वाचून दाखवली. ने, से, गे, हे. आई हसायला लागली. म्हणाली, ‘‘हे तर भेंड्यांसारखं झालं. शेवट सारखा पायजे ना?’’ आणि मेथी बाजूला सारून बोटांवर मोजायला लागली, ‘‘खय. हय. थय.’’ थांबली. ‘‘नाय.’’ मग खूप वेळ थांबून, कॅमेऱ्याकडे न बघता, ‘‘व्हय.’’

पाच शब्द. मी ते पहिल्या यादीच्या खाली लिहून घेतले. त्यांना गुण नाहीत.

तेव्हापासून दर बुधवारी आम्ही पंधरा मिनिटं बोलतो. अवघड जातं. आईचं मालवणीही गंजलंय, मधेच पुणेरी वाक्य घुसतं आणि मग दोघी थांबतो. मी चुकते तेव्हा ती हसते, पण ते हसणं वर्गातल्यासारखं नसतं. शेजारीणबाईंना मी दर रविवारी एक वाक्य ऐकवते. त्यांना एक अक्षर कळत नाही. त्या मान डोलावतात आणि मग टाइल्सची पिशवी माझ्याकडे सरकवतात.

गेल्या मे महिन्यात आई-बाबा आजीचं घर उघडायला कुडाळला गेले होते. वर्षभर बंद होतं. तिथे नेटवर्क धड नाही. संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर आईची व्हॉइस नोट आली, अकरा सेकंदांची. आधी नुसता वारा, कुठेतरी कोंबडा, मग धप्प असा आवाज. आणि मग आई, हळू आवाजात, कुणाची नक्कल न करता:

‘‘ऐकलंस? आंबो पडलो. उचलूक कोण नाय.’’